बहमनी राज्य कोणी बुडवले?

आपल्यापैकी अनेकांनी एर्तुग्रुलची तुर्की मालिका उर्दू डबिंगमध्ये रात्र रात्र जागून पाहिली आहे. काहींच्या मोबाइलवर आजही कायी टोळीचे चिन्ह आहे. त्यात वाईट काही नाही. आमच्या एका शिबिरात एका मुलाने उस्मानी सुलतानांची नावे क्रमाने सांगितली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याला विचारले, बहमनी सुलतानांपैकी कोणाचे नाव सांगता येईल का? तो हसला आणि म्हणाला, सर, ते शाळेत होतं, एका परिच्छेदात. तो मुलगा परभणी जिल्ह्यातला होता. बहमनी राज्याच्या शेवटच्या अंकातले एक प्रमुख पात्र त्याच्याच जिल्ह्यातल्या पाथरीचे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

हा संपादकीय लेख त्या एका परिच्छेदाविषयी आहे. सुमारे पावणेदोनशे वर्षे आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग, उत्तर कर्नाटक आणि तेलंगण ज्यांच्या हुकमाखाली होता, ते घराणे उभे कसे राहिले आणि कोसळले कसे, हे आपल्याला ठाऊक असायला हवे. अभिमानासाठी नव्हे. इतिहासाच्या नावाखाली सध्या आपल्याला दोनच गोष्टी ऐकवल्या जातात. एक, तुम्ही बाहेरून आलेले, तुमचे राज्य म्हणजे जुलूम. दुसरी आपणच आपल्याला ऐकवतो: आपले राज्य सोन्याचे होते, ते शत्रूंच्या कारस्थानाने गेले. बहमनींची हकीकत नीट वाचली तर या दोन्ही गोष्टी टिकत नाहीत.

सुरुवात दौलताबादला होते. 1327 च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीतील सरदार, अधिकारी, उलेमा आणि सूफी यांना देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणले. पुढे दिल्लीचा कारभार विस्कटला, बंडे झाली, आणि दख्खनमधल्या 'अमीरान-ए-सदा' या मधल्या दर्जाच्या अधिकाऱ्यांवर सुलतानाचा संशय बसला. गुजरातेत आणि माळव्यात अशा अधिकाऱ्यांना कसे संपवले गेले हे त्यांना माहीत होते. तेव्हा त्यांनी दौलताबाद ताब्यात घेतले. आधी इस्माईल मुख या वयस्कर सरदाराला गादीवर बसवले. त्याने पुढे स्वतःहून बाजूला होऊन हसन जफरखानाला जागा करून दिली. 3 ऑगस्ट 1347 रोजी हसन 'अलाउद्दीन बहमनशाह' झाला. राजधानी गुलबर्ग्याला गेली.

या हसनाबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. तो गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिष्याचा नोकर होता, शेतात नांगरताना त्याला मोहरांचा हंडा सापडला, तो त्याने प्रामाणिकपणे मालकाला दिला, मालकाने भाकीत केले, आणि राजा झाल्यावर त्याने मालकाचे नाव आपल्या राज्याला दिले. फरिश्त्याने ही गोष्ट लिहिली, पण ती घटनेनंतर अडीचशे वर्षांनी. इतिहासकार ती मानत नाहीत. हसनाने आपला संबंध इराणच्या प्राचीन बहमन राजाशी जोडला होता. दंतकथा मात्र लोकांनी जपली, आणि तिच्यातही काहीतरी कळते. आपल्यावर राज्य करणारा माणूस कुठेतरी आपल्याच मातीत नांगर धरून उभा होता, असे लोकांना वाटून घ्यायचे होते.

दुसरा सुलतान मुहम्मद पहिला याने राज्याची घडी बसवली. राज्याचे चार तरफ पाडले: दौलताबाद, वऱ्हाड, गुलबर्गा आणि बीदर-तेलंगण. प्रत्येक तरफावर एक तरफदार. त्याच्याकडे सैन्य, वसुली आणि किल्ले. मराठीत आज 'तरफदारी' म्हणजे बाजू घेणे; तो शब्द या लेखात पुढे पुन्हा आठवावा लागेल.

विजयनगरशी लढाया याच काळात सुरू झाल्या आणि पिढ्यान् पिढ्या चालल्या. त्या धर्मयुद्ध म्हणून रंगवणे दोन्हीकडच्या बखरकारांना सोयीचे होते. भांडण मुख्यतः कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या मधल्या सुपीक रायचूर दुआबाचे होते. विजयनगरचा दुसरा देवराय आपल्या फौजेत मुसलमान घोडेस्वार ठेवत होता आणि त्यांना मुजरा करताना अडचण वाटू नये म्हणून सिंहासनासमोर कुराण ठेवत होता. बहमनी वसुली ब्राह्मण कारकुनांशिवाय चालत नव्हती. मुहम्मद पहिल्याच्या काळात युद्धात निःशस्त्र रयतेची भयंकर कत्तल झाली, हेही लपवायचे कारण नाही. त्यानंतर दोन्ही राज्यांनी लढाईबाहेरच्या माणसांना मारायचे नाही असा करार केला. तो नेहमी पाळला गेला नाही. पण कराराची गरज वाटली, एवढे तरी नोंदवू या.

दुसरा मुहम्मद (1378 ते 1397) हा लढायांना कंटाळलेला, पुस्तकांत रमणारा राजा. त्याने गुलबर्गा, बीदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल, दाभोळ अशा ठिकाणी अनाथ मुलांच्या शिक्षणाची सोय केली. ही यादी वाचताना थांबावेसे वाटते, कारण यातली निम्म्याहून जास्त गावे आपल्या एसटीच्या पाट्यांवर आहेत. त्याच्याच काळात दुष्काळ पडला. दरबारच्या वाहतुकीचे बैल त्याने माळवा आणि गुजरातेतून धान्य आणण्यासाठी जुंपले आणि ते धान्य स्वस्तात विकले. ते स्वस्त धान्य फक्त मुसलमानांना मिळाले, असे काही इतिहासकारांनी लिहिले आहे. तसे झाले असेल तर तो त्या भल्या राजाच्या नावावरचा डाग आहे आणि तो डाग म्हणूनच सांगितला पाहिजे. 1396 पासून महाराष्ट्रात जो दीर्घ दुष्काळ पडला, तो लोकांनी 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हणून पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवला. गावेच्या गावे ओस पडली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा नंतरच्या दुष्काळाची, पण तिच्यातला बादशहा बीदरचाच आहे. सरकारी कोठार हुकमाशिवाय उघडून ज्याने भुकेल्यांना धान्य वाटले त्या कारकुनाला लोकांनी संत केले. बादशहाचे नाव त्यांना महत्त्वाचे वाटले नाही.

फिरोजशाह (1397 ते 1422) हा या घराण्यातला सर्वांत हुशार माणूस म्हणावा लागेल. अनेक भाषा बोलणारा, गणित आणि खगोलात रस असलेला. दौलताबादजवळच्या घाटात 1407 मध्ये त्याने वेधशाळेचे काम सुरू केले. काम पाहणारा विद्वान मरण पावला आणि ती अपुरी राहिली. त्याने ब्राह्मणांना मोठ्या जागा दिल्या, आणि गोवा व चौल बंदरांतून जहाजे पाठवून इराण-अरबस्तानातून विद्वान, सैनिक, कारागीर बोलावले. याच सुमारास ख्वाजा बंदानवाज गेसूदराज दिल्लीहून गुलबर्ग्याला आले. त्यांचा उरूस आजही भरतो आणि त्याला सोलापूर-उस्मानाबादकडची माणसे कोणत्या धर्माची आहेत हे न विचारता जातात.

पण फिरोजच्या जहाजांबरोबर एक प्रश्नही आला. त्या प्रश्नाने राज्य खाल्ले.

दरबारात दोन गट तयार झाले. एक 'दखनी'. दुसरा 'आफाकी', म्हणजे बाहेरचे, परदेशी. इराक, इराण, तुर्कस्तान, मध्य आशियातून नव्याने आलेले. दखनी म्हणत, राज्य आम्ही उभे केले आणि मलिदा हे खातात. आफाकी म्हणत, आम्ही शिकलेले, लढवय्ये, तुम्ही आळशी. आफाक्यांत शिया बरेच, दखनी बहुतेक सुन्नी, त्यामुळे भांडणाला मजहबचीही फोडणी मिळाली. हबशी सरदार बहुधा दखन्यांच्या बाजूने राहिले, कारण गोरे आफाकी त्यांना कमी लेखत.

आता गंमत पाहा. स्वतःला भूमिपुत्र म्हणवणारे हे दखनी कोण होते? त्यांच्यातले अनेक जण तुघलकाबरोबर दिल्लीहून आलेल्यांचे नातू-पणतू. म्हणजे ते तीन-चार पिढ्या आधी आलेले, हे काल आलेले. 'तुम्ही बाहेरचे' हे वाक्य आज आपल्याला ऐकावे लागते आणि ते टोचते. पण दख्खनमध्ये हे वाक्य राजकारणाचे शस्त्र म्हणून मुसलमानांनी मुसलमानांवर चालवलेले आहे, तेही थेट कत्तलीपर्यंत.

ती कत्तल चाकणला झाली. होय, आज जिथे मोटारींचे कारखाने आहेत तेच चाकण. सुलतान अलाउद्दीन अहमद दुसरा याच्या काळात मलिक-उत-तुज्जार खलफ हसन या आफाकी सरदाराला कोकणातले किल्ले घ्यायला पाठवले. चाकणला तळ ठोकून तो सह्याद्री उतरला. शिर्के नावाच्या स्थानिक सरदाराने वाट दाखवतो असे सांगून त्याला खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, दाट रानात नेले आणि तिथे रात्री फौज कापली गेली. आपल्या प्रदेशात घुसलेल्या फौजेशी शिर्क्यांनी केलेले ते युद्ध होते. त्याची तक्रार इथे नाही. तक्रार पुढची आहे.

वाचलेले आफाकी चाकणच्या किल्ल्यात परतले. दखनी सरदारांनी आम्हाला वाऱ्यावर सोडले हे सुलतानाला सांगू, असे ते म्हणत होते. दखनी सरदारांनी त्यांच्या आधी पत्र पाठवले: आफाकी फितूर झाले आहेत, शत्रूला मिळणार आहेत. फरिश्ता लिहितो की पत्र पोहोचले तेव्हा सुलतान दारूच्या अमलाखाली होता. चौकशी नाही, उलटतपासणी नाही. हुकूम सुटला. किल्ल्याला वेढा पडला, तो लांबला, तेव्हा माफीचे आश्वासन देऊन आतल्यांना बाहेर बोलावले, जेवायला बसवले आणि जेवणावरच कापले. त्यांच्यात सय्यद होते, त्यांची बायकामुले होती. काही जण निसटून बीदरला पोहोचले, मग खरे काय ते उघड झाले, आणि सुलतानाने दखनी सूत्रधारांना शिक्षा केल्या. मेलेले परत आले नाहीत आणि दोन गटांमधले वैर आता रक्ताचे झाले.

या घटनेनंतर काही वर्षांनी, 1453 मध्ये, दाभोळ बंदरात एक इराणी व्यापारी उतरला. वय चाळिशीच्या पुढे. गीलान प्रांतातले घराणे, तिथल्या दरबारी हेव्यादाव्यांना कंटाळून व्यापारात पडलेला. बीदरच्या सुफींना भेटून पुढे दिल्लीला जावे असा त्याचा बेत होता. तो बीदरलाच राहिला. त्याचे नाव ख्वाजा महमूद गावान.

राजधानी तोवर गुलबर्ग्याहून बीदरला आली होती; 1420 च्या दशकात अहमदशाह वलीने ती हलवली. 1461 मध्ये गादीवर आठ वर्षांचा मुलगा बसला, दोन वर्षांत तो वारला, मग त्याचा धाकटा भाऊ मुहम्मद तिसरा, तोही लहानच. या काळात राज्य सांभाळले ते त्या मुलांच्या आईने. मख्दूमा-ए-जहाँ म्हणून तिचा उल्लेख येतो. शिकलेली, धोरणी बाई. ती, एक तुर्क सरदार आणि गावान असे तिघांचे मंडळ कारभार पाही. सुलतानांच्या याद्या पाठ करणाऱ्यांना ही बाई सापडत नाही, कारण तिच्या नावाचे नाणे नाही. 1466 पासून गावान मुख्य वजीर झाला आणि पुढची पंधरा वर्षे बहमनी राज्याची सर्वांत मोठी वर्षे ठरली. 1472 मध्ये गोवा विजयनगरकडून घेतला गेला. राज्य एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत पसरले.

गावानची आठवण लढायांसाठी काढायची नाही. कोकणातली त्याची मोहीम इतर मोहिमांइतकीच निर्दय होती, आणि त्या किल्ल्यांवरच्या माणसांच्या वंशजांना तिचे कौतुक वाटावे अशी अपेक्षा करणे चूक. त्याचे खरे काम दोन प्रकारचे आहे.

एक बीदरचा मदरसा. 1472 मध्ये बांधून झालेला, तीन मजली, निळ्या-पिवळ्या चकचकीत फरशांनी मढवलेला. राहायला खोल्या, शिकवायला दालने, मशीद, आणि तीन हजार ग्रंथांचा संग्रह. गावानची पत्रे फारसीत आजही वाचली जातात. त्यांत इराणचे कवी जामी यांना लिहिलेली पत्रे आहेत आणि इस्तंबूल जिंकणारा उस्मानी सुलतान मेहमेद यालाही. एर्तुग्रुलच्या चाहत्यांनी हे लक्षात ठेवावे: ज्या घराण्याची मालिका आपण पाहतो, त्या घराण्याशी बीदरहून पत्रव्यवहार चालत होता. औरंगजेबाच्या काळात मदरशात दारू साठवली होती, तिचा स्फोट होऊन अर्धी इमारत आणि एक मिनार पडला. उरलेला एक मिनार उभा आहे. ज्ञानाच्या जागेत तोफेची दारू ठेवणारे लोकही आपलेच होते.

दुसरे काम कागदावरचे होते आणि तेच त्याच्या जिवावर बेतले. तरफदार फार मोठे झाले होते. गावानने चार तरफांचे आठ केले: वऱ्हाडचे गाविल आणि माहूर, दौलताबादचे दौलताबाद आणि जुन्नर, गुलबर्ग्याचे गुलबर्गा आणि विजापूर, तेलंगणचे वरंगळ आणि राजमहेंद्री. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला. बाकीचे किल्लेदार केंद्राने नेमायचे. प्रत्येक तरफातला काही भाग थेट सुलतानाच्या खालसा वसुलीत. जमिनीची मोजणी. सैन्याचा पगार वाढवला, पण ठरल्यापेक्षा कमी शिपाई ठेवणाऱ्या सरदाराची तेवढी रक्कम कापली. म्हणजे कागदावर पाचशे घोडेस्वार आणि मैदानात तीनशे, हा धंदा बंद. नेमणुकांत त्याने तोल राखला. स्वतः आफाकी असून त्याने हबशी सरदारांना माहूर आणि गुलबर्गा दिले, गाविल फत्हुल्लाह इमादुल्मुल्कला आणि राजमहेंद्री मलिक हसनला दिली.

हा मलिक हसन म्हणजे पाथरीचा. जन्माने ब्राह्मण, कुलकर्ण्याच्या घरातला. लहानपणी विजयनगरच्या मोहिमेत पकडला जाऊन बीदरच्या राजवाड्यात आला, मुसलमान झाला आणि दखनी गटाचा पुढारी बनला. फत्हुल्लाहदेखील असाच, कानडी ब्राह्मण घरात जन्मलेला. बहमनी दरबार म्हणजे तुर्क-इराण्यांची वसाहत होती असे समजणाऱ्यांनी या दोघांकडे पाहावे.

पण मलिक हसनला आठ तरफांपैकी एक मिळाला होता आणि त्याला जास्त हवे होते. त्याच्या गटाने गावानच्या शिक्का सांभाळणाऱ्या हबशी गुलामाला मैत्री करून दारू पाजली आणि एका कोऱ्या कागदावर वजिराची मोहोर उठवून घेतली. त्या कागदावर ओरिसाच्या राजाला पत्र लिहिले गेले: आमचा सुलतान दारूत बुडालेला आहे, स्वारी करा, राज्य वाटून घेऊ. पत्र सुलतानाच्या हाती पोहोचवले. सुलतान मुहम्मद तिसरा तेव्हा आंध्रातल्या कोंडपल्लीच्या छावणीत होता, आणि तोही नशेत होता. चाकणची गोष्ट जशीच्या तशी.

गावानच्या मित्रांनी त्याला सांगितले, घोडे तयार आहेत, गुजरातेत निघून जा. तो गेला नाही. सुलतानासमोर उभे राहून एवढेच म्हणाला की मोहोर माझी आहे, पत्र माझे नाही. सुलतानाने ऐकून घेतले नाही. 5 एप्रिल 1481 रोजी सत्तरी ओलांडलेल्या त्या वजिराचे डोके उडवले गेले. मग त्याचा खजिना जप्त करायला माणसे गेली. तिथे फारसे काही नव्हते. खजिनदाराने सांगितले की सरकारी पैसा सरकारी खात्यात आहे. ख्वाजा स्वतःचा खर्च इराणहून आणलेल्या भांडवलाच्या व्यापारातून भागवत होते आणि उरलेले गरिबांत वाटत होते. चटईवर निजणारा आणि मातीच्या भांड्यात जेवणारा माणूस निघाला तो. सुलतानाला पश्चात्ताप झाला. वर्षभरात, 1482 च्या मार्चमध्ये, तोही मेला.

कोसळणे कसे दिसते ते पुढच्या काही दिवसांत दिसले. विजापूरचा युसुफ आदिल, फत्हुल्लाह इमादुल्मुल्क, माहूरचा खुदावंदखान यांनी सुलतानाच्या छावणीपासून आपले तंबू दूर ठोकले. त्यांनी बंड केले नाही, लढाई केली नाही. फक्त जवळ जायला नकार दिला. जो गावानला मारू शकतो तो आम्हाला का मारणार नाही? राज्य त्या दिवशी संपले असे म्हणता येईल, जरी नाव आणखी चार-पाच दशके चालले. फत्हुल्लाह दखनी आणि युसुफ आफाकी, हेही लक्षात घ्या. गटबाजीने जे दोन तट पाडले होते ते आता भीतीने एका बाजूला उभे होते, पण राज्याच्या बाजूला कोणीच नव्हते.

नवा सुलतान महमूद बारा वर्षांचा. वजिरी मलिक हसनला मिळाली, पण 1486 मध्ये बीदरमध्येच त्याचा खून झाला. 1487 मध्ये दखनी-हबशी गटाने राजवाड्यात घुसून सुलतानाला मारायचा प्रयत्न केला. आफाक्यांनी त्याला वाचवले, आणि मग बीदरच्या गल्ल्यांत तीन दिवस दखन्यांची कत्तल चालली. 1490 च्या आसपास एकेक तरफदार स्वतंत्र झाला. मलिक हसनचा मुलगा अहमद याने जुन्नरहून निजामशाही उभी केली आणि 1494 मध्ये अहमदनगर वसवले. विजापूरला आदिलशाही, वऱ्हाडात इमादशाही, पुढे गोवळकोंड्याला कुत्बशाही, आणि खुद्द बीदरला कासिम बरीद सुलतानाच्या नावाने राज्य करू लागला. महमूदशाहाने 1518 पर्यंत गादी राखली म्हणतात. खरे तर गादीने त्याला राखले होते, कैद्यासारखे. त्यानंतरच्या चार बाहुल्यांपैकी शेवटचा कलीमुल्लाह. त्याने उत्तरेत नव्याने आलेल्या बाबराला गुपचूप पत्र लिहिले: मला सोडवा, वऱ्हाड आणि दौलताबाद घ्या. उत्तर आले नाही. बेत मात्र फुटला. तो आधी विजापूरला पळाला, तिथून अहमदनगरला, आणि तिथेच मेला. ज्या माणसाच्या आजोबाने गावानविरुद्ध कट केला, त्याच्याच आश्रयाला बहमनींचा शेवटचा वारस होता.

बाहेरच्या शत्रूने बीदर घेतले नाही. विजयनगर लढले, ओरिसा लढले, माळव्याचे खलजी एकदा राजधानीपर्यंत आले, राज्य टिकले. ते बुडाले दोन खोट्या पत्रांनी, आणि ती दोन्ही पत्रे खरी मानून घेतली गेली कारण ती 'त्यांच्या'विषयी होती. आफाक्याविषयी वाईट ऐकायला दरबारातला अर्धा भाग नेहमीच तयार होता. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणता कोणाला तरी इजा कराल आणि पस्तावाल, अशी स्पष्ट ताकीद आहे. बीदरच्या दरबारात हे पाठ असलेले आलिम कमी नसावेत.

आज आपल्याकडे सलतनत नाही, मशिदीचा ट्रस्ट आहे. तरफ नाही, जमातीची कमिटी आहे. पण भाषा तीच ऐकू येते. हा यूपीवाला, हा कोकणी, हा दखनी. हा उर्दू माध्यमाचा, तो मराठी माध्यमाचा आणि म्हणून कच्चा. हा अमुक मसलकचा, त्याच्या मागे नमाज होत नाही. ती मुलगी कॉलेजात शिकली आणि प्रश्न विचारते, म्हणजे तिच्यामागे कोणीतरी आहे. कमिटीचा हिशोब मागणाऱ्याविरुद्ध एक स्क्रीनशॉट फिरतो. मोहोर खरी असते, मजकूर कोणी लिहिला ते कोणी विचारत नाही. दोन गावांतल्या तरुणांनी आम्हाला अशा गोष्टी लिहून कळवल्या आहेत. दोन्ही ठिकाणी हिशोब मागणारा बाहेर गेला आणि हिशोब तसाच राहिला.

एक आक्षेप येईल: बाहेरून आपल्यावर इतके हल्ले होत असताना आपलीच उणीदुणी काढायची ही वेळ आहे का? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. बाहेरचा अन्याय खराच आहे आणि त्याविरुद्ध हे मासिक दर अंकात लिहिते, संविधानाचा आधार घेऊन लिहिते. पण गावानच्या सुधारणांविरुद्धही हेच सांगितले गेले होते, की मोहीम चालू असताना सरदारांना दुखवू नका. बहमनींच्या इतिहासात मोहीम चालू नव्हती असे वर्ष शोधून काढावे लागेल.

आणखी एक गोष्ट. ही सगळी सुलतानांची कहाणी झाली. 1470 च्या सुमारास निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा विकायला चौलला उतरला, जुन्नरला पावसाळाभर राहिला आणि बीदरला गेला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा जप्त केला आणि मुसलमान हो तरच परत देतो म्हणाला. एका खुरासानी मुसलमानाने मध्ये पडून त्याची सुटका केली. हा निकितिन लिहून गेला आहे की सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यातली माणसे अतिशय गरीब आहेत. आपले पूर्वज त्या पालख्यांत नव्हते. ते विणकर, पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी, मण्यार, शिकलगार, खाटीक होते, आणि बहुतेक जण याच मातीत कधीतरी कलमा पढलेले. सलतनत आली तेव्हा ते राजे झाले नाहीत आणि गेली तेव्हा त्यांचे काही गेले नाही. त्यांची बोली, त्यांचे फारसी-मिश्रित मराठी, त्यांचे उरूस आणि त्यांची कारागिरी हा आपला खरा वारसा आहे, आणि त्याबद्दल बखरीत एक ओळ नाही.

म्हणून या अंकापासून आम्ही एक काम सुरू करतो आहोत. दाभोळ, चौल, जुन्नर, चाकण, पाथरी, कंधार, माहूर, अचलपूर, दौलताबाद. या गावांत आपले वाचक आहेत. आपल्या गावातली जुनी मशीद, दर्गा, बारव, शिलालेख, किंवा आजीकडून ऐकलेली एखादी आठवण मराठीत किंवा उर्दूत लिहून पाठवा. दंतकथा असेल तर दंतकथा म्हणून लिहा, पाहिलेले असेल तर पाहिलेले म्हणून. फोटो स्वतः काढलेला असावा, कुठून तरी आलेला नको. आणि शिलालेख वाचता येत नसेल तर तसाच फोटो पाठवा. वाचून घेण्याची व्यवस्था आम्ही करू.